शुक्रवारी बंद

अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी मी भाषण ऐकत नाही. भाषणातले सगळे दुसऱ्या दिवशी कळतेच. मी संध्याकाळपर्यंत थांबतो आणि खात्यांची पुस्तके उघडतो. पूर्वी ती सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात मिळत, आता फोनवर दिसतात. बालकल्याणाची ओळ शोधायला वेळ लागत नाही. गेल्या वर्षीची तरतूद, तिच्या शेजारी यंदाची तरतूद, आणि दोन्हींच्या मध्ये थोडी पांढरी जागा. त्या पांढऱ्या जागेत माणसे राहतात, हे मला भिवंडीच्या कामतघरात कळले.

यंदाही पुस्तक उघडले तेव्हा बाहेर मार्चचे ऊन होते. पूर्णा गावाकडच्या गोदामांत जाणाऱ्या ट्रेलरांची रांग खिडकीतून दिसत होती आणि त्यांच्या चाकांची धूळ खिडकीच्या गजांवर बसत होती.

भिवंडीत मार्च हा वेगळा ऋतू असतो. पहाटे तळ्याकडून थोडा गारवा येतो आणि लूमच्या शेडचे पत्रे तापले की तो संपतो. सूत ताठ व्हावे म्हणून त्याला खळ लावतात. त्या उकळत्या खळीचा आंबूस वास या दिवसांत गल्लीगल्लीत साचून राहतो. चिंचेखाली टरफले पडतात. शिमग्याची राख चौकात दोनतीन दिवस तशीच असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांनी घरोघर पोचते. या सगळ्याच्या वर लूमचा आवाज. तो ज्याला ऐकू येतो तो इथला नाही. इथल्या माणसाला तो थांबला की ऐकू येतो.

सत्तरच्या दशकात, मोठ्या दुष्काळाच्या लगेच नंतरच्या एका वर्षी, मी कामतघरात एका चाळीत भाड्याने राहत होतो आणि मुंबईच्या एका दैनिकासाठी विधानसभेचे कामकाज लिहीत होतो. माझ्या खोलीसमोर, चाळीच्या टोकाला, बालवाडी होती. सकाळी बालवाडी आणि दुपारी सभागृहाची पत्रकार गॅलरी असा माझा दिवस जाई. एकाच गोष्टीची दोन टोके आपण रोज पाहतो आहोत, हे ध्यानात यायला मार्च यावा लागला.

बालवाडीची खोली पूर्वी सुताच्या गाठी ठेवायला वापरत. भिंतीच्या खरखरीत गिलाव्यात सुताचे तंतू अडकलेले असत आणि मुले ते नखाने उपटत. एक फळा, एक सतरंजी, दुधाचे पातेले आणि दारात ठेवलेला माठ, एवढे सामान. लीलाताई ही बालवाडी चालवत. त्या कामतघरच्याच आगरी घरातल्या, खाडीपलीकडे त्यांची भातशेती होती. आवाज मोठा आणि हात हलका. त्यांना एक मदतनीस होती. दोघींचे मानधन आणि मुलांचे दूध सरकारी अनुदानातून येई.

मुले कांडी भरणाऱ्या बायकांची होती. कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची लहान नळी. लूम चालवायचे काम पुरुषांचे, कांडी भरायचे बायकांचे. बालवाडी नव्हती तेव्हा बायका पोरांना शेडमध्येच नेत आणि लुगड्याच्या पट्टीने कांडीच्या यंत्राशेजारच्या खांबाला बांधून ठेवत. गाठ सैल राहिली की पोर सुटे.

यमुना माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. वाडा तालुक्यातल्या एका खेड्यातून ती लग्न होऊन इथे आली होती. नवरा रात्रपाळीला, ती दिवसपाळीला. दिवसा तो झोपे तेव्हा दारावर घण घातले तरी उठत नसे, त्यामुळे पोर त्याच्या भरवशावर ठेवता येत नव्हते. थोरला मुलगा दत्तू शाळेत जायचा. त्याच्या उजव्या हाताचे एक बोट अर्धे होते. तो लहान असताना गाठ सैल राहिली होती, आणि यंत्राचा पट्टा चालू होता. धाकटी सुमन बालवाडीत होती. सुमनची सगळी बोटे शाबूत राहावीत, यासाठी यमुनेला ती खोली हवी होती. याहून मोठी अपेक्षा तिने कधी बोलून दाखवली नाही.

पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी मुले खोलीत येत. आयांच्या हातात भाकरीचे फडके आणि कडेवर पोर. मुलांना गाणी मोठ्याने म्हणायची सवय होती, कारण लूमच्या आवाजात वाढलेल्या मुलाला हळू बोलणे माहीत नसते. खेळही तसेच. एकजण लूम व्हायचा, एकजण धोटा व्हायचा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचा. तिसरा मुकादम होऊन ओरडायचा, "ए, धागा तुटला, धागा!"

आता शुक्रवारविषयी सांगायला हवे. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद असतात. बाजार, लग्नाची बोलणी, डोके न्हाणे, गोधड्या धुणे, हे सगळे शुक्रवारी. रविवारी मात्र लूम चालू. त्यामुळे बालवाडीही शुक्रवारी बंद आणि रविवारी चालू असे. हे कोणी ठरवले नव्हते. आई घरी असेल त्या दिवशी पोर घरी, आई कामाला जाईल त्या दिवशी पोर बालवाडीत. सरकारी नियमात साप्ताहिक सुट्टी रविवारची होती. तो नियम लीलाताईंनी वाचला असेल, पण पाळायचा म्हणजे काय करायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही.

ठाण्याच्या कचेरीत दातेसाहेब म्हणून अधिकारी होते. बालवाड्यांची तपासणी त्यांच्याकडे होती. कचेरीला जीप एकच. ती निरनिराळ्या तालुक्यांना वार लावून दिलेली होती आणि भिवंडीच्या वाट्याला शुक्रवार आला होता. दाते शुक्रवारी आले, कुलूप पाहिले आणि गेले. पुन्हा एका शुक्रवारी आले, पुन्हा कुलूप. चाळीत निदान मुले दिसावीत, तर तीही दिसेनात, कारण सरकारी जीप म्हणजे देवी टोचणारे, एवढेच मुलांना ठाऊक होते. जीप वळणावर दिसली की चाळीतली सगळी पोरे खाटांखाली जात आणि श्वास रोखून बसत. लीलाताई त्या दिवशी खाडीपलीकडे शेतावर. दात्यांनी पाहिले तेच लिहिले: केंद्र बंद, मुले आढळली नाहीत.

दुष्काळाने तिजोरी रिकामी केली होती. सभागृहात त्या मार्चमध्ये सर्वांत जास्त वापरला गेलेला शब्द काटकसर हा होता. सत्ताधारी तो अभिमानाने वापरत आणि विरोधक उपहासाने, पण शब्द तोच. प्रत्येक खात्याने खर्चाचा ठराविक हिस्सा कमी करायचा असे ठरले. वरून हे न्याय्य दिसते. रस्त्याचा काही हिस्सा कापला तर रस्ता थोडा अलीकडे संपतो, पुढच्या वर्षी पुढे नेता येतो. बालवाडीचा काही हिस्सा कसा कापायचा? दार थोडे कमी उघडता येत नाही. म्हणून खाते हिस्सा घेत नाही, अख्ख्या बालवाड्या घेते. कोणत्या घ्यायच्या, तर ज्या बंदच असतात त्या. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. कागद कागदाला जुळत होता.

हे लीलाताईंना ठाण्याच्या मासिक बैठकीत सांगण्यात आले. सगळ्या तालुक्यांच्या बालवाडीताई बसलेल्या. दाते म्हणाले, "कामतघरचं केंद्र तर बंदच असतं. एक एप्रिलपासून कागदावरही बंद." मागे कोणीतरी हसले. लीलाताईंनी तपासणीच्या तारखा तेवढ्या उतरवून घेतल्या.

संध्याकाळी त्या पाळी सुटायच्या वेळेला चाळीत आल्या. बायका पोरांना घ्यायला जमल्या होत्या. लीलाताईंनी दारातच सांगितले.

"बंद असतं म्हंजे?" यमुना म्हणाली. "मी काय रोज भुताकडं ठेवतंय का पोरीला?"

"ते आले तेव्हा कुलूप होतं, यमुने."

"कवा आलते?"

"शुक्रवारी."

एकदम हशा झाला. बायनाक्का म्हणून वयाने मोठी एक कांडीवाली होती, ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "शुक्रवारी? अग बये! शुक्रवारी तर माशी पन येत न्हाय कामतघरात. तो जीपवाला साहेब का? मना वाटला टोचायला आलाय. मीच आमच्या नातवाला खाटेखाली घातला."

"तूच बंद पाडलीस मग बालवाडी," कोणीतरी म्हणाले.

हसणे थोड्या वेळाने विरले. एप्रिल फार लांब नव्हता. यमुना सुमनला कडेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ताई, त्याची कचेरी कवा उघडी असते?"

"रविवार सोडून रोज."

"आन आपली सुट्टी शुक्रवारी. मग जाऊ की आपनच. त्याला बालवाडी बघायची हाय ना? घेऊन जाऊ बालवाडी."

मार्चअखेरीस सरकारी दौरे बंद असतात. जीप उभी असते आणि अधिकारी वर्षाचे हिशेब मिटवत कचेरीत बसतात. त्यामुळे दाते सापडणार हे नक्की होते.

त्या शुक्रवारी मी त्याच एसटीत होतो. मला ठाण्याहून पुढे मुंबईला जायचे होते. बायकांनी धुणी पहाटेच उरकली होती. पोरांचे केस तेल लावून बसवले होते आणि काजळ इतके घातले होते की ठाण्यापर्यंत निम्म्यांच्या गालांवर आले. कंडक्टर तिकिटे फाडायला आला आणि थबकला.

"हाफ किती?"

"एकबी न्हाय," बायनाक्का म्हणाली. "सगली तीनच्या आतली."

कंडक्टरने तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नातवाकडे पाहिले. "हा तीनच्या आतला? याला दाढी यायची बाकी आहे, मावशी."

"आमच्यात लौकर वाढतात."

"बाळा, तू किती वर्षांचा?"

"पाच!" पोराने आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असे सांगितले. बालवाडीतले शिक्षण असे कामी आले. गाडीभर हसले, बायनाक्काने पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि अर्धे तिकीट काढले.

कचेरीचा व्हरांडा लांब होता. लीलाताईंनी सतरंजी आणली होती. त्यांनी ती दात्यांच्या खोलीच्या दारासमोर अंथरली, मुलांना ओळीत बसवले आणि रोजच्यासारखे पहिले गाणे सुरू केले. टाइपरायटर थांबले. एक कारकून बाहेर आला.

"बाई, जरा हळू म्हणायला सांगा."

"येत नाही त्यांना," लीलाताई म्हणाल्या.

दाते दारात आले. उंच, किडकिडीत, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. त्यांनी सतरंजीकडे पाहिले, मग भिंतीला टेकून बसलेल्या बायकांकडे.

"हे काय चाललंय? हे कार्यालय आहे."

"हो साहेब. तुम्ही शुक्रवारी हजेरी बघता ना? आज शुक्रवार आहे. बघा."

दात्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी गिळला, हे दोन्ही दिसले. ते खाली वाकून मुलांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितले आणि लीलाताईंना आत बोलावले. यमुना न बोलावता आत गेली. शाळा बुडवून आलेला दत्तू तिच्या मागोमाग. मी दाराशी उभा राहिलो, वार्ताहराला तेवढी जागा कोणी नाकारत नाही.

लीलाताईंनी शुक्रवारचे सांगितले. दाते म्हणाले, "मला माहीत नव्हतं. पण यादी मुंबईला गेली आहे. पुस्तकं छापून झाली. छापलेली ओळ मला बदलता येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "एक करता येईल. दुसऱ्या एखाद्या केंद्राच्या बचतीतून मी तुमचं चालू ठेवायला बघतो. पण माझं काम नियमात बसलं पाहिजे. लिहून द्या, शुक्रवारी उघडी आणि रविवारी बंद. मी शुक्रवारी येईन. तुम्ही काही मुलं बसवून ठेवा, म्हणजे झालं."

लीलाताईंनी यमुनेकडे पाहिले. मला तेव्हा वाटले, हा तोडगा आहे आणि त्या तो घेणार.

"साहेब, रविवारी लूम चालतात," यमुना म्हणाली. "रविवारी हिला कुठं ठेवू?"

"बाई, आठवड्यातला एकच दिवस."

यमुनेने मागे हात करून दत्तूला पुढे ओढले आणि त्याचा उजवा हात दात्यांच्या टेबलावर, फायलींच्या मध्ये, उताणा ठेवला. "ह्याचं बोट एकाच दिवशी गेलं," ती म्हणाली.

बाहेर मुलांचे दुसरे गाणे चालू होते. दत्तू लाजून हात मागे घेऊ बघत होता. दात्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. लीलाताई म्हणाल्या, "आम्ही तसं लिहून देणार नाही, साहेब. रविवारी उघडी राहील. तुम्ही रविवारी या."

"रविवारी जीप नसते."

"एसटी असते," यमुना म्हणाली.

काहीही हाती न लागता बायका पोरांना घेऊन परत गेल्या. मी मुंबईला जाऊन बातमी लिहिली. आमचे मुख्य उपसंपादक अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी बातमी वाचली, पेन्सिलने वरचा भाग कापला आणि म्हणाले, "बालवाडीवर सरकार पडत नाही. चार ओळी." चार ओळी आतल्या पानावर आल्या, एका मोठ्या मथळ्याच्या पायथ्याशी. बरीच वर्षे मी त्या वाक्यावर विचार केला आहे. ते खरे आहे. ज्यांच्यावर सरकार पडते त्यांच्या ओळी पुस्तकात मोठ्या असतात. ज्यांच्यावर पडत नाही त्यांच्या लहान असतात, आणि लहान ओळ कापताना हात अडखळत नाही. ज्याचे वय पाच आहे त्याला कपात सूचना मांडता येत नाही. त्याच्या आईला मांडता येत नाही, कारण ती त्या वेळी कांडी भरत असते.

एप्रिल लागला. अनुदान थांबले, दूध थांबले. मदतनीस बाईला घर चालवायचे होते, ती कांडीच्या कामाला लागली. लीलाताई म्हणाल्या, "मी येत राहीन. उन्हाळ्यात शेतात काही काम नाही. पण एवढी पोरं एकटीच्यानं होणार नाहीत."

यावर बायकांनी जे केले ते त्यांच्या कामातूनच निघालेले होते. कांडीखात्यात एखादी बाई आजारी असली तर तिच्या वाटच्या कांड्या शेजारणी भरत आणि तिचा रोज वाचवत. तेच आता रोजचे करायचे ठरले. रोज एका बाईने बारी घ्यायची, कामाला न जाता बालवाडीत बसायचे. तिच्या वाटच्या कांड्या बाकीच्यांनी आपल्या वाटच्या संभाळून भरायच्या. म्हणजे दुपारच्या जेवणाची सुट्टी अर्धी करायची, पाणी प्यायला उठायचे ते एकदाच.

मुकादम इक्बालभाई यांना हे विचारावे लागले. ते मूळचे उत्तरेकडचे, लूमच्या मधल्या वाटेत पान चघळत उभे असत. बायनाक्काने सांगितले तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"देखो बाई, मेरे को शाम को कांडी पूरी चाहिए. हाथ किसका है, वो तुम लोग जानो."

"आन शेठनं इचारला तर?"

"शेठ कांडी देखता है. हाथ मैं देखता हूँ." आणि जाता जाता म्हणाले, "मेरी बहन का लड़का है, साढ़े तीन साल का. बहुत शैतान है. वो भी बैठेगा."

अशी बालवाडी चालली. त्या एप्रिल-मे महिन्यांची आठवण मला मुख्यतः पेजेच्या वासाची आहे. दुधाच्या जागी तांदळाची पेज आली. ज्या बाईची बारी ती तांदूळ आणी. खोलीचे पत्रे असे तापत की दुपारी मुलांना भिंतीपासून दूर, मध्यभागी निजवावे लागे. बारीवाली बाई ओल्या फडक्याने वारा घाली. लीलाताई फळ्यावर आंबा काढत आणि मुले विचारत, हा कुठे आहे. यमुनेच्या बारीच्या दिवशी खोली शांत असे. ती मुलांना ओरडत नसे, फक्त मोजत असे. मधूनच उठून डोकी मोजायची, बसायची, पुन्हा मोजायची. शेडमध्ये बाकीच्या बायकांच्या खांद्यांना गाठी आल्या होत्या. एकदोघींची भांडणे झाली, "तुझ्या कांड्या मीच का भरू", असे शब्द गेले. एका बाईने बारी सोडली आणि आठवड्याने परत घेतली. पण दार एकाही कामाच्या दिवशी बंद राहिले नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दाते एसटीने आले. हातात छत्री, खांद्याला पिशवी. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले. कोणी त्यांच्यासाठी मुलांना ओळीत बसवले नाही. त्या दिवशीची बारी बायनाक्काची होती. ती त्यांना बघून म्हणाली, "बसा. टोचायचं न्हाय ना काय?"

सुमन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. या खोलीत येणारा प्रत्येकजण का येतो, हे तिला ठाऊक होते.

"तुमची आई कोंच्या शिफ्टला?" तिने विचारले.

"माझी आई?" दाते म्हणाले. "माझी आई आता काम करत नाही. घरी असते."

"मग तुमी हितं कशाला?"

दात्यांना हसू आले. ते मुलांबरोबर पेज पिऊन दुपारी गेले. त्यांनी काय लिहिले ते मी पाहिलेले नाही. पुढे त्यांची बदली झाली.

पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये जे राहून जाते ते पुरवणीत मागतात. बालकल्याणाची मागणी गोंगाटात, विरोधक सभात्यागाच्या तयारीत असताना, मंजूर झाली. अध्यक्षांनी क्रमांक वाचला, हो म्हणणाऱ्यांनी हो म्हटले, पान उलटले. बंद केलेली काही केंद्रे पुन्हा घेतली होती, त्यांत कामतघर होते. कशामुळे, हे मला सांगता येत नाही. दात्यांचा अहवाल असेल, एखाद्या सदस्याने विचारलेला प्रश्न असेल, त्या चार ओळी असतील, किंवा पाऊस वेळेवर पडला म्हणून तिजोरीला धीर आला असेल. कारणे नोंदवणे हा माझा व्यवसाय होता. हे कारण मला कधी नोंदवता आले नाही.

आता भिवंडीत लूम कमी झाले आहेत. नारपोलीच्या गल्ल्यांत अजून आवाज येतो, पण जुन्या शेडच्या जागी बऱ्याच ठिकाणी गोदामे उभी राहिली, आणि बायका आता गोदामांत खोकी भरतात. तिथेही पाळ्या आहेत. पोरे कुठे असतात, हे विचारायला मी अजूनही थांबतो.

मागणी मंजूर झाल्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळी समोरच्या खोलीत गेलो. पाऊस लागून राहिला होता आणि पत्र्यावरच्या आवाजात लूमचा आवाज मिसळला होता. यमुनेची बारी होती. लीलाताई एका पोराचे ओले झबले पिळत होत्या. मी बातमी सांगितली. लीलाताई झबले मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"दूध?" यमुनेने विचारले.

"पुढच्या महिन्यापासून येईल म्हणतात."

"आन ताईंचा पगार?"

"तोही. मदतनीसही मिळेल. म्हणजे तुमच्या बाऱ्या संपल्या."

"संपल्या कशानं?" ती म्हणाली. तिची डोकी मोजून व्हायची होती, ती तिने आधी मोजली. "सरकारनं एकडाव काढला, परत दिला. परत काढनार न्हाय, कशावरनं? बारी मोडली, तर ह्या बायका मी पुन्यांदा कुठनं जमवू? आता कुठं भांडनं मिटलीत."

"अगं, पण मदतनीस असेल की," लीलाताई म्हणाल्या.

"असू दे. ती दूध वाटंल. आमी आपलं हप्त्यातनं एक दिस बसू."

लीलाताईंनी तिच्याकडे बघितले. मग उठून झबले दोरीवर टाकले आणि विचारले, "कुठला दिवस?"

"सोमवार. रविवारचं पोरं दमतात, सोमवारी रडतात."

"आणि उद्याची कोणाची बारी धरायची?"

"बायनाक्काची."

"तिला म्हणावं, भोंगा झाल्यावर नको," लीलाताई म्हणाल्या. "भोंग्याच्या आधी ये."